हरवलेल्या शहराचा सातबारा

थरारक कादंबरीत पहिल्या पाच पानांत एक म्हातारा प्राध्यापक मरावा लागतो. मरताना त्याच्या मुठीत नकाशाचा फाटका तुकडा हवा, ओठांवर अर्धवट राहिलेलं वाक्य हवं, आणि मारेकरी लांब काळा कोट घालून धुक्यात नाहीसा व्हायला हवा. प्राध्यापक गेल्याशिवाय त्याची देखणी पुतणी येत नाही, पुतणी आल्याशिवाय नायक येत नाही आणि नायक आल्याशिवाय हजारो वर्षांपूर्वी हरवलेलं शहर काही केल्या सापडत नाही. हे शास्त्र मी तयार केलेलं नाही. लोकलमध्ये उभ्याने इंग्रजी कादंबऱ्या वाचून ते माझ्या अंगी मुरलेलं आहे.

मला हा प्राध्यापक बोईसरमध्ये मारायचा होता. आणि अख्ख्या बोईसरमध्ये त्याला मारायला जागा मिळेना.

सुरुवातीला स्टेशनचा पादचारी पूल घेतला. वेळ मध्यरात्रीची. पण बोईसर स्टेशनात घड्याळात बारा वाजतात, मध्यरात्र होत नाही. एक शिफ्ट सुटून डबा हलवत येत असते, दुसरी डबा भरून जात असते, आणि उरलेली मंडळी लांबच्या गाडीची वाट बघत पायऱ्यांवर पथाऱ्या टाकून असतात. मारेकऱ्याने कोटातून सुरा काढला की मागून आवाज येणार, "दादा, चढायचंय का उतरायचंय? नसेल तर साइडला व्हा." धुकं म्हणाल तर कारखान्यांच्या बाजूला हवेत पांढरट काहीतरी तरंगत असतं खरं, पण त्यात नाहीसा झालेला मारेकरी ढास लागून दोन मिनिटांत सापडतो.

मग त्याला चिंचणीच्या किनाऱ्यावर नेलं. सुरूची झाडं, लाटांचा आवाज, मावळता सूर्य. दुर्दैवाने ह्याच तीन गोष्टी लग्नाआधीचे फोटो काढणाऱ्यांनाही लागतात. प्राध्यापक छाती धरून वाळूत कोसळतोय आणि फोटोग्राफर ओरडतोय, "काका, फ्रेममध्ये येताय!" हे दृश्य कितीही गंभीर शब्दांत लिहिलं तरी वाचणाऱ्याला नवरीचा घागरा कोणत्या रंगाचा होता एवढंच आठवतं.

तारापूरचा किल्ला मला मनापासून आवडला होता. जानेवारी 1739 मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला, तेव्हा बाजी भीवरावांसारखा वीर तिथे पडला. म्हणजे मरायला जागा इतिहासमान्य. पण आता आत झाडांची वाडी आहे, आणि वाडीत रात्री शिरलेल्या माणसाला राखणदार खुनी समजत नाही, नारळचोर समजतो. प्राध्यापकाची अब्रूच गेली असती. राहता राहिला अणुवीज केंद्राचा परिसर. 1969 पासून तिथे वीज तयार होते आहे आणि तेव्हापासून तिथे विनापरवाना कुणी मेलेलंही चालत नाही. काळा कोटवाला कुंपणापासून फर्लांगभर अंतरावर असतानाच जवानाने त्याचं आधार कार्ड मागितलं असतं.

"एवढं काय त्यात? मुंबईत मारा," बायको कोलंबी सोलता सोलता म्हणाली. "रोज जाताच ना तिकडे?"

"अगं, कादंबरी आपल्या मातीतली आहे."

"मग बीपीने जाऊ दे. आपल्या मातीत तसेच जातात."

शेवटी मी प्राध्यापकाला पहिल्या प्रकरणात नुसतं आजारी पाडलं. लोकलमधल्या आमच्या ग्रुपला हे प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा थरार कुणालाच जाणवला नाही. "पालघरला ॲडमिट आहेत का?" एवढीच चौकशी झाली आणि भेटायला जाताना चिकू न्यावेत की शहाळं, यावर केळवे रोड ते सफाळे चर्चा झाली.

थरार नाही तर नाही, अस्सलपणा तरी आणू, म्हणून मी स्थळपाहणी सुरू केली. केळवे-माहीमचा परिसर निवडला, कारण हरवलेल्या राजधानीची सोय तिथे आयतीच आहे. महिकावतीच्या बखरीत बिंब राजाची हकिकत आहे. इतिहासकार राजवाडे यांनी ही बखर 1924 मध्ये छापली, आणि महिकावती म्हणजे हेच माहीम की मुंबईतलं, यावर भांडण तेव्हापासून शाबूत आहे. इकडच्या माणसाला विचारलं तर वाद नाहीच, मुंबईचं माहीम ही शाखा. मी डोक्यावर टोपी, पाठीला पिशवी, हातात टेप आणि वही, असा नायकाला शोभेल त्या थाटात एका वाडीच्या कडेला उभा राहिलो. टेपचं टोक खुंटाला अडकवलं मात्र, कुठून कुठून माणसं जमली.

"बुलेटचे का?"

"नाही."

"मग फ्रेट कॉरिडॉरवाले? का एक्स्प्रेस-वेचे?"

"नाही हो."

"बंदराचे!" मागून एकाने ठामपणे सांगितलं आणि जमाव दोन पावलं पुढे आला.

पालघर जिल्ह्यात टेप घेऊन उभा राहिलेला माणूस पुरातत्त्वाचा असू शकतो, हे कुणाला पटवणं अशक्य आहे. बुलेट ट्रेन इथून जाणार, तिचं एक स्टेशन बोईसरला. मालगाड्यांचा वेगळा मार्ग इथून. द्रुतगती महामार्ग इथून. आणि वाढवणला 76,220 कोटींचं बंदर, ज्याची पायाभरणी ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला झाली आणि ज्याच्या नावाने किनाऱ्यावरची गावं कित्येक वर्षं पेटून उठलेली आहेत. बायकोने घरून निघताना एकच सूचना दिली होती: वाढवणच्या दिशेला टेप काढायचा नाही. मी घाईघाईने हात जोडले आणि खरं ते सांगून टाकलं.

"मी हरवलेलं शहर शोधतोय."

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग एका आजोबांनी चष्मा वर केला.

"त्यात आमची किती जाते?"

"नाही आजोबा, शहर जुनं आहे. जमिनीच्या खाली आहे."

"खाली असू दे. वरची किती जाते?"

पाच मिनिटांत त्यांचा नातू प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी केलेला सातबारा घेऊन आला. आजोबांनी मला झाडं दाखवायला सुरुवात केली, आंबे इतके, माड इतके, विहीर पक्की, पंप चालू. मी लिहून घेतलं. वही हातात असलेल्या माणसाने लिहून घेतलं नाही तर बरं दिसत नाही. निघताना त्यांनी पानवेलीच्या वाडीतली पानं दिली आणि हळूच म्हणाले, "रेट फुटला की आधी आम्हाला कळवा."

माझ्या कादंबरीचा खलनायक मला तिथे मिळाला. काळा कोट नाही, दाढीवरचा व्रण नाही. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल, आणि कुठल्याही निसर्गरम्य टेकडीकडे बघून "एन.ए. आहे का?" विचारण्याची सवय. आमचे एक स्नेही हाच उद्योग करतात. मी त्यांना विचारून घेतलं, तुमच्यावर खलनायक बेतला तर चालेल का. ते खूश झाले. "फोटो द्यावा लागेल का?" म्हणाले.

आता नायकाला सुगावा हवा. इथे मात्र आपल्या भागाने मला उपाशी ठेवलं नाही. ह्याच चिंचणीत 1955 च्या सुमारास ताम्रपट सापडले. खरेखुरे, राष्ट्रकूट काळातले, दिनेशचंद्र सरकार यांच्यासारख्या पंडिताने वाचून छापलेले. त्यातला एक शके 848 मधला, म्हणजे इसवी सन 926 चा, राजा तिसरा इंद्र याच्या वेळचा. आणि त्यात कोण आहे? तर मधुमती नावाचा ताजिक, म्हणजे चक्क अरब अधिकारी. मोहम्मदचं संस्कृतात मधुमती करून घेतलेला हा गृहस्थ राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा सगळा मुलूख सांभाळत होता आणि तिथल्या मठाला जमीन द्यायला संमती देत होता. समुद्र, अरब, ताम्रपट, मठ! एवढ्या सामग्रीवर इंग्रजीत तीन खंड आणि एक सिनेमा निघाला असता.

मी प्रकरण रंगवलं. गुहा, मशाल, टपटपणारं पाणी. नायक थरथरत्या बोटांनी तांब्याच्या पत्र्यावरची धूळ पुसतो. पुतणी श्वास रोखते. अक्षरं उलगडू लागतात. आणि त्यात काय निघतं? ह्या मधुमतीने दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट होडी ठेवली होती आणि संजाणला अन्नछत्र घातलं होतं, जिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. खजिना नाही, भुयार नाही. ताम्रपट म्हणून उघडला आणि आत राईस प्लेट निघाली.

ग्रुपमध्ये मात्र हे प्रकरण तुफान गाजलं. अकराशे वर्षांपूर्वी ह्या भागात कालवण-भात फुकट मिळत होता, ही बातमी डबाभर पसरली. होडीचं ऐकून सफाळ्याचे एक काका हळवे झाले. त्यांच्या जलसारहून विरारकडे आता रो-रो फेरी सुरू झाली आहे, पण तिचं तिकीट पडतं. "बघा," ते म्हणाले, "राज्य कसं करावं ते. भात, होडी, झालं." तूप साजूक होतं का, ही शंका एकाने काढली. ताम्रपटात तसा खुलासा नाही म्हटल्यावर त्याचा लेखावरचा विश्वास उडाला.

शापाची पाटीही मी सोडली नाही. 1922 मध्ये तुतनखामनची कबर उघडली आणि पुढल्याच वर्षी खर्च करणारे लॉर्डसाहेब वारले, तेव्हापासून शापाशिवाय उत्खनन म्हणजे वरातीशिवाय लग्न. आपल्याकडच्या दानपत्रांच्या शेवटी शाप असतोच, आणि तो मिसरी शापापेक्षा किती तरी नेमका असतो: दान दिलेली जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. ताम्रपटात बहुतेक सगळा मजकूर जमिनीचाच. कुणी दिली, कुणाला दिली, चतुःसीमा काय, आणि कुणी बळकावली तर काय. मी हा शाप माझ्या खलनायक-स्नेह्यांना ऐकवला. ते डगमगले नाहीत.

"साठ हजार वर्षं ना? आपल्या दिवाणी दाव्याची तारीखच त्याच्यानंतरची आहे."

सगळं जुळत आलं होतं. सुगावा चिंचणीचा, खलनायक बोईसरचा, प्राध्यापक पालघरला सलाइनवर. नायकाने फक्त ते वैभवशाली संजाण शोधायचं. आणि इथे कथानकाला नकाशाने दगा दिला. संजाण गुजरातमध्ये आहे. उंबरगाव तालुक्यातला तो भाग पूर्वी ठाणे जिल्ह्यातच होता. राज्यं वेगळी झाली तेव्हा पलीकडे गेला. जगातली हरवलेली शहरं कधी हरवली यावर विद्वानांत मारामाऱ्या आहेत. कुणी भूकंप म्हणतं, कुणी नदीने पात्र बदललं म्हणतं. आमचं शहर मात्र नेमकं 1 मे 1960 रोजी हरवलं. कागद आमच्याकडे, मालमत्ता त्यांच्याकडे. शिवाय ते सापडूनही झालं आहे. 2002 ते 2004 मध्ये तिथे रीतसर उत्खनन झालं, इराणी-अरबी व्यापाराच्या खुणा मिळाल्या, पारशांचा जुना दख्माही मिळाला. माझा नायक तिथे पोचला असता तर त्याला अहवाल विकत घ्यावा लागला असता.

आता मराठी कादंबरीचं शहर महाराष्ट्रातच पाहिजे. म्हणून मी उलट्या दिशेची गाडी पकडली आणि सोपाऱ्याला उतरलो.

नालासोपारा म्हटलं की माणसाला दरवाज्यात लटकलेली गर्दी दिसते. पण दोन हजार वर्षांपूर्वी हेच शूर्पारक बंदर ग्रीक खलाशांच्या मार्गदर्शक पुस्तकात होतं, टॉलेमीच्या भूगोलात होतं, अशोकाने इथे शिलालेख कोरून घेतले होते. एवढ्यावर समाधान न मानता काही विद्वानांनी बायबलातलं ओफीर ते हेच, असं मांडलं. ओफीर म्हणजे जिथून राजा सोलोमनच्या जहाजांनी 420 टॅलंट सोनं नेलं. हिशेबाने ते चौदा टनांच्या आसपास भरतं. दुसरे विद्वान ओफीरला अरबस्तानात नेतात, तिसरे आफ्रिकेत. रायडर हॅगार्डने 1885 मध्ये सोलोमनच्या खाणींची कादंबरी लिहिली तीही आफ्रिकेत. हे मला जरा लागलं. विरारहून मुंबईला लोकल 1867 पासून होती. माणसाने निदान उतरून चौकशी तरी करायची.

ग्रुपमध्ये ओफीरच्या बातमीने खळबळ माजली. तीन वर्षांतून एकदा सोलोमनची जहाजं परदेशचा माल घेऊन परतत, असं मी वाचून दाखवलं.

"तीन वर्षं?" वाणगावचे दादा पत्ते खाली ठेवत म्हणाले. "म्हणजे त्यांनाही विरारच्या पुढे राजधानीला वाट द्यायला बाजूला काढत असणार."

आणि चौदा टन सोन्याचा आकडा ऐकल्यावर सोपाऱ्यात राहणाऱ्या एकाने पुढचा महिनाभर घराच्या ओट्याला टाइल्स लावायचं काम थांबवलं.

सोपाऱ्यातला खरा नायक माझ्या नायकाच्या आधी येऊन गेला होता. पंडित भगवानलाल इंद्रजी. जुनागढचा माणूस, लिपी वाचण्यात जगात दबदबा, अंगात काळा कोट नाही, हातात पिस्तूल नाही. एप्रिल 1882 मध्ये त्यांनी गावकरी ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणत ते टेकाड उकरलं. टेकाड निघालं स्तूप. मधोमध विटांची खोली, तिच्यात दगडी पेटी, पेटीत तांब्याचा करंडा आणि त्याच्याभोवती ब्राँझचे आठ बुद्ध. तांब्याच्या करंड्यात चांदीचा. चांदीच्यात दगडाचा. दगडाच्यात स्फटिकाचा. स्फटिकाच्यात सोन्याचा. सांगा, ह्याहून मोठा थरार कुठल्या साहेबाने लिहिला आहे? मी हे प्रकरण बोईसरला वाचायला घेतलं आणि विरार येईपर्यंत एकेक करंडा पुरवून पुरवून उघडला. पत्ते थांबले. भजनवाल्यांनी टाळ मांडीवर ठेवले. ज्यांना वैतरणेला उतरायचं होतं ते उतरले नाहीत.

"आणि सोन्याच्या डबीत?"

"सोन्याच्या डबीत," मी आवाज खाली आणला, "मातीच्या भांड्याचे तेरा बारीक तुकडे."

डबा सुन्न.

"खापर?"

"बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे, अशी श्रद्धा."

"पण खापरच ना?"

"खापरच."

वैतरणेचे जे उतरले नव्हते त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर तुतनखामनची कबर उघडणाऱ्या हॉवर्ड कार्टरलाही सोसावी लागली नसेल. पत्ते पुन्हा वाटले गेले. फक्त खिडकीजवळचे एक मितभाषी गृहस्थ, जे वर्षानुवर्षं आमच्यात बसतात आणि कधी बोलत नाहीत, ते म्हणाले, "पाच डब्यांत ठेवलं म्हणजे त्यांच्यापाशी त्याहून महाग काही नव्हतं." आणि पुन्हा बाहेर बघू लागले. मी ते वाक्य नायकाच्या तोंडी घातलं. नायकाला ते शोभेना. तो तोपर्यंत फारच पिळदार झाला होता.

तो ठेवा मुंबईत एशियाटिक सोसायटीकडे आहे. स्तूप जागच्या जागी आहे. मी तिथे गेलो तेव्हा पोरांचं क्रिकेट चाललं होतं. मी आदराने चप्पल काढून उभा राहिलो, तर एका पोराने ओरडून सांगितलं, "काका, तिकडे बॉल गेला की आऊट असतं, तुम्ही हलू नका." म्हणून हललो नाही. हायरम बिंगहॅम 1911 मध्ये माचू पिच्चूला पोचला तेव्हाही तिथे शेतकऱ्यांची बिऱ्हाडं मजेत राहत होती. त्यांनी त्याला रताळी खायला दिली आणि अवशेष दाखवायला एक लहान पोरगा बरोबर दिला. मग साहेबाने जगाला सांगितलं, हरवलेलं शहर मी शोधलं. त्या पोराला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, हरवलं होतं कधी? आमची गुरं तिथेच तर चरतात.

कादंबरी पुरी झाली. मी ती एका प्रकाशकांकडे दिली. त्यांनी पुष्कळ दिवसांनी फोन केला. "शैली बरी आहे," म्हणाले, "पण शहर हरवलेलं हवं हो. तुमच्या शहरात नायक रिक्षाने जातो."

"शेअर रिक्षाने," मी दुरुस्ती केली.

"आणि तो प्राध्यापक?"

"डिस्चार्ज मिळाला त्यांना."

हस्तलिखित परत आलं. मी ते कपाटावर टाकणार, तेवढ्यात आमचे खलनायक-स्नेही आले आणि "स्वतःचं कॅरेक्टर वाचतो" म्हणून घेऊन गेले. लेखकाला वाचक मागून आला म्हणजे काय वाटतं, हे लेखकालाच कळेल. मी त्यांना पाण्याऐवजी चहा दिला.

आठ दिवसांनी स्टेशनबाहेर एक पोरगा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातात रंगीत पत्रकं कोंबत होता. एक माझ्याही हातात आलं. वर सोनेरी अक्षरांत 'शूर्पारक हाइट्स'. खाली माझ्या तिसऱ्या प्रकरणाचा पहिला परिच्छेद, शब्दन् शब्द: देशोदेशीच्या व्यापाऱ्यांनी गजबजलेली नगरी, खाडीवरून येणारा गार वारा, गोड्या पाण्याच्या विहिरी, दोन हजार वर्षांची बाजारपेठ. त्यापुढे त्यांची भर, 'स्टेशनपासून दहा मिनिटं'. एका बाजूला स्तूपाचं चित्र आणि त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत 'छायाचित्र केवळ कल्पनेसाठी'. आणि सगळ्यात तळाला, अधिक माहितीसाठी, माझा मोबाइल नंबर. हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर तो मीच लिहिला होता, वाचकांनी अभिप्राय कळवावा म्हणून.

पहिला अभिप्राय त्याच संध्याकाळी आला.

"हॅलो, शूर्पारक का? वन बीएचके आहे?"

"बाई, सध्या तिथे फक्त स्तूप आहे."

"ते ठीक आहे. पाणी चोवीस तास ना?"

"पूर्वी होतं. सातवाहनांच्या वेळी."

"जुनं कन्स्ट्रक्शन म्हणजे मजबूत असतं," बाई समाधानाने म्हणाल्या. "बरं, ताबा कधी?"